चुकांची वही

माझी धाकटी बहीण लेकीच्या टेनिसच्या मॅचला निघाली की तिच्या पर्समध्ये तीन गोष्टी हमखास असतात. ग्लुकोजचा पुडा, बामची बाटली आणि एक शंभर पानी वही. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या-माझ्या पर्समध्येही सापडतील. वही मात्र खास आहे. लेकीने चेंडू जाळीत मारला की वहीत एक रेघ. बाहेर मारला की एक रेघ. सर्व्हिस करताना डबल फॉल्ट झाला तर दोन रेघा, कारण "तो आपण आपल्या हाताने दिलेला पॉइंट" असं तिचं म्हणणं. चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावर पाचवी आडवी, अगदी दुधाच्या हिशेबासारखं. घरी आलं की चहा पिता पिता बेरीज.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा भाचीची मॅच बघायला मीही गेले. सोळा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती. जिल्ह्याच्या गावातला जुना क्लब, मुरमाची दोन कोर्टं, चुन्याने आखलेल्या रेषा आणि तारेच्या जाळीपलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जीव मुठीत धरून बसलेले आईबाप. आमचं पात्र चौदा वर्षांचं, अंगाने काटकुळं, पण पायाला भिंगरी. समोरच्या पोरीने काहीही मारावं, ही पोचणार आणि चेंडू परत पाठवणार. पहिला सेट हिने घेतला. दुसऱ्यात ५-२ अशी पुढे. माझ्या शेजारच्या बाई तर म्हणाल्यासुद्धा, "अहो, पेढे कधी?"

आणि मग काहीतरी बदललं. काय बदललं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण दिसत होतं. आतापर्यंत ताडकन जाणारा चेंडू आता हळूच, उंचावरून, कोर्टाच्या मध्यावर पडायला लागला. जणू समोरच्या मुलीला ताटात वाढून देत होती. ती मुलगी एक पाऊल पुढे आली, मग दोन पावलं आली आणि धाडधाड मारायला लागली. तिचे कितीतरी चेंडू बाहेर गेले, जाळीत गेले, पण ती थांबेना. ५-३, ५-४, ५-५... दुसरा सेट गेला. तिसराही गेला.

रिक्षात कोणी बोलेना. बहिणीने वही काढली, बेरीज केली आणि गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, अकराच रेघा आहेत गं. त्या पोरीने पन्नास तरी चुका केल्या असतील. मग ही हरली कशी?"

भाची रिक्षाच्या बाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "आई, म्हणजे मी जास्त चुकले नाही ना?"

खरं सांगू? त्या मॅच हरण्याचं मला काही वाटलं नाही. या वाक्याने मात्र पोटात कालवलं.

रात्री झोप लागेना तेव्हा मला २०१७ सालचा जून आठवला. फ्रेंच ओपनची महिलांची अंतिम फेरी मी टीव्हीवर पाहिली होती, आमचे हे बातम्या लावा म्हणून मागे लागलेले असताना. एका बाजूला रुमानियाची सिमोना हालेप. वय २५, उंची जेमतेम साडेपाच फूट, म्हणजे टेनिसच्या हिशेबात ठेंगणीच. हिचा लौकिक काय? तर ही चेंडू सोडत नाही. कितीही मारा, परत येणार. तीन वर्षांपूर्वी, २०१४ मध्ये याच कोर्टावर ती मारिया शारापोव्हाकडून अंतिम सामना तीन सेटमध्ये हरली होती. आता तिचीच वेळ, असं सगळे धरून चालले होते. समोर होती लॅटव्हियाची येलेना ओस्टापेन्को. दोनच दिवसांपूर्वी विसावं लागलेलं, क्रमवारीत ४७ वी, बिगरमानांकित. लहानपणापासून टेनिसचे धडे कोणाकडून घेतले? आईकडून.

हालेपने पहिला सेट ६-४ घेतला. दुसऱ्यात ३-० पुढे. पुढे तिसऱ्यातही ३-१ पुढे. आणि हरली! ४-६, ६-४, ६-३ असा तो सामना ओस्टापेन्कोने जिंकला. सामना संपल्यावर आकडे आले, ते मी तेव्हा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते. ओस्टापेन्कोचे विनर, म्हणजे समोरचीला रॅकेटही लावता येणार नाही असे फटके, ५४. आणि तिच्या आपण होऊन केलेल्या चुकाही ५४! हालेपच्या चुका फक्त १०. विनर ८.

मैत्रिणींनो, हे आकडे पुन्हा एकदा वाचा. दहा चुका करणारी हरली आणि चोपन्न चुका करणारी जिंकली. माझ्या बहिणीने त्या दिवशी पॅरिसमध्ये वही उघडली असती, तर तिच्या वहीत हालेपच जिंकली असती.

आता कोणी म्हणेल, मग काय, डोळे मिटून मारत सुटायचं का? तसं नाही. ओस्टापेन्कोच्या पुढच्या वर्षांतला चढउतार पाहिला तर डोळे मिटून मारण्याची किंमतही कळते. पुढच्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या पहिल्या फेरीतच ती हरली. मला त्या सामन्यातली शिकण्यासारखी बाई वाटते ती जिंकलेली नव्हे, हरलेली. कारण हालेपने पुढच्या वर्षभरात जे केलं, ते मला आमच्या भाचीला दाखवायचं होतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. हालेप काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्टान्ट्सा या गावची. मोठा भाऊ टेनिस खेळायचा, त्याच्या मागे मागे ही चार वर्षांची पोर कोर्टावर गेली आणि तिथेच रमली. २००८ मध्ये मुलींच्या गटातली फ्रेंच ओपन जिंकली. सतराव्या वर्षी, २००९ मध्ये तिने स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पाठ दुखायची, चेंडूपर्यंत पोचायला क्षणभर उशीर व्हायचा, म्हणून. त्यानंतर कित्येक वर्षं जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिच्या बॅकहँडपेक्षा या शस्त्रक्रियेवरच जास्त शाई खर्च केली. (आपल्याकडे मुलगी मैदानावर जायची थांबते, ती अनेकदा नेमक्या याच वयात आणि याच संकोचाने. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

तर अशी ही शरीराच्या बाबतीत धीट निर्णय घेणारी मुलगी सामन्यात मात्र अडचण आली की आतून कोसळायची. ऑस्ट्रेलियाचे डॅरेन केहिल तिचे प्रशिक्षक होते. २०१७ च्या मार्चमध्ये मायामीच्या स्पर्धेत जोहाना कॉन्टाविरुद्ध पहिला सेट जिंकून, दुसऱ्यात विजयाच्या तोंडाशी येऊनसुद्धा ती हरली. त्या काळी महिलांच्या स्पर्धांत प्रशिक्षकाला मधल्या विश्रांतीत कोर्टावर बोलावता यायचं. केहिल आले, तर ही स्वतःलाच दूषणं देत बसली. मी वाईटच आहे, माझं काही खरं नाही, अशा सुरात. त्यानंतर केहिल यांनी तिच्यासोबतचं काम थांबवलं. फटका चुकला म्हणून नाही, पाय थकले म्हणून नाही. ती ज्या तऱ्हेने स्वतःशी बोलत होती, त्यासाठी.

आणि ती बदलली. मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली, लाजली नाही. काही आठवड्यांत केहिल परत आले. म्हणजे ओस्टापेन्कोविरुद्धचा तो पराभव या बदलाच्या नंतरचा आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला वाटतं, एकदा धडा शिकला की लगेच गुण येणार. तसं होत नाही. शिकूनही माणूस हरतं. २०१८ च्या जानेवारीत ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचली, वाटेत दोन सामन्यांत मॅच पॉइंट वाचवले, आणि अंतिम फेरीत कॅरोलिन वोझ्नियाकीकडून पुन्हा तीन सेटमध्ये हरली. शरीरातलं पाणी कमी होऊन त्या रात्री तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तीन अंतिम फेऱ्या, तीन पराभव, तिन्ही तिसऱ्या सेटमध्ये.

जून २०१८. पुन्हा पॅरिस. समोर अमेरिकेची स्लोन स्टीफन्स. हालेप पहिला सेट ३-६ हरली, दुसऱ्यात ०-२ मागे. नंतर तिने सांगितलं, त्या क्षणी तिला मागचं वर्ष आठवलं. मागच्या वर्षी मी एक सेट आणि ब्रेकने पुढे असून हरले, मग आज मागे असताना जिंकू का नाही शकत? तिथून तिने खेळ बदलला. स्टीफन्स काही धाडधाड मारणारी नव्हे, तीही मागे राहून चेंडू परत करणारी. आता आपणच पुढाकार घ्यायचा हे हालेपने ठरवलं, एक एक पाऊल कोर्टाच्या आत सरकली, चेंडू वर येतानाच उचलायला लागली. ३-६, ६-४, ६-१. चाळीस वर्षांनी, १९७८ च्या व्हर्जिनिया रुझिचीनंतर, रुमानियाच्या बाईने ही स्पर्धा जिंकली.

पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत तिने सेरेना विल्यम्सला ६-२, ६-२ असं ५६ मिनिटांत हरवलं. आणि त्या सामन्यात तिच्या चुका किती? तीन! म्हणजे बघा, मारायला शिकल्यावर चुका वाढतातच असंही नाही. बक्षीस घेताना तिने सांगितलं की हे तिच्या आईचं स्वप्न होतं. ती दहा-बारा वर्षांची असताना आई म्हणाली होती, टेनिसमध्ये काही करायचं तर विम्बल्डनची अंतिम फेरी खेळ.

पुढची गोष्ट सांगितली नाही तर ते लपवल्यासारखं होईल. २०२२ मध्ये उत्तेजक चाचणीत तिच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं. २०२३ मध्ये चार वर्षांची बंदी आली. तिने दाद मागितली आणि मार्च २०२४ मध्ये क्रीडा लवादाने ते दूषित पूरक आहारातून आलं असण्याची शक्यता जास्त, जाणूनबुजून घेतलेलं नाही, असं मानून बंदी नऊ महिन्यांवर आणली. तोवर करिअरची ऐन वर्षं निघून गेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायदेशात, क्लुज शहरात शेवटचा सामना खेळून ती थांबली. पदराला डाग लागला की तो धुतला तरी लोक पदराकडेच बघतात, हे तिकडेही आहे. मला मात्र तो २०१८ चा दुसरा सेट पुसून टाकावासा वाटत नाही.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला मोबाइलवर त्या दोन सामन्यांचे तुकडे दाखवले. ती गपचूप बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, मलाही मारता येतं. प्रॅक्टिसला मी मारतेच. पण मॅचमध्ये स्कोअर जवळ आला की वाटतं, चेंडू आत टाकू या, बाकी तिचं ती बघेल."

"का वाटतं असं?"

"चुकले तर आई रेघ मारते. पण सोपा चेंडू टाकला आणि तिने मारून पॉइंट घेतला, तर रेघ पडत नाही."

घ्या! पोरीने हिशेब बरोबर ओळखला होता. वहीचे नियम जसे, तसा तिचा खेळ. आपण भीती बाळगून हरलो तर ती चूक नाही, धाडस करून हरलो तर ती चूक. बहीण शेजारीच कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

बहिणीला मी काय बोलणार? आम्हा दोघींना आमच्या आईने असंच वाढवलं. सांभाळून. जपून. कोणी बोट दाखवता कामा नये. भाजी करपली तर आठ दिवस आठवण, चांगली झाली तर ताट पुसून उठणार, एक शब्द नाही. घरोघरी आपल्या नावाची अशी एक न दिसणारी वही असतेच की. सासूकडे असते, शेजारणीकडे असते, आणि सगळ्यात मोठी, जाडजूड वही आपल्या स्वतःकडे असते.

माझंच सांगते. १९९८ मध्ये मी बँकेत क्लार्क होते, तेव्हा अधिकाऱ्याच्या परीक्षेचं सर्क्युलर आलं. मला हिशेब येत होता, नियम पाठ होते, बरोबरीचे दोघे पुरुष सहकारी तर शंका माझ्याकडे विचारायला यायचे. मी फॉर्मच भरला नाही. मुलं लहान आहेत, बदली झाली तर कसं, आणि नापास झाले तर लोक काय म्हणतील? फॉर्म भरला नाही, म्हणून नापास झाले नाही. माझ्या वहीत त्या वर्षी एकही रेघ नाही. त्या दोघांतला एक नंतर माझा मॅनेजर झाला आणि शंका तेव्हाही मलाच विचारायचा.

या सगळ्यात एक शब्द मला छळत राहिला. आक्रमक. टेनिसच्या बातमीत "आक्रमक खेळ करत विजय मिळवला" हे कौतुक. आणि स्थळ बघताना "मुलगी जरा आक्रमक वाटते हो" म्हटलं की संपलं. तोच शब्द! २००५ मध्ये सानिया मिर्झा अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत पोचली, ती अठरा वर्षांची पोर फोरहँड असा लगावायची की चेंडू दिसायचा नाही. त्या फोरहँडचं कौतुक झालं, पण तिच्या टी-शर्टवरच्या ओळी आणि तिचे तुकतुकीत बोल यांच्यावर चर्चा त्याहून जास्त झाली. फटका आक्रमक चालेल, मुलगी नको, असा काहीसा आपला आग्रह असतो. पण मुलीने चौदा वर्षं घरात खाली मान घालून राहायचं आणि ३०-४० च्या स्कोअरला अचानक वाघीण व्हायचं, हे जमायचं कसं?

भाचीच्या सरांना आम्ही दोघी जाऊन भेटलो. साधा माणूस. स्वतः राज्य पातळीवर खेळलेले, आता सकाळ-संध्याकाळ पोरांना शिकवतात. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला वाटतं ती दबावाखाली सेफ खेळते. तो खेळ सेफ नाहीच मुळी." मग त्यांनी कोर्टावर नेऊन आम्हाला समजावलं. घाबरलं की आधी पाय थांबतात. पाय थांबले की चेंडू अंगावर येतो, हात आखडतो, रॅकेट पूर्ण फिरत नाही. चेंडू जातो पलीकडे, पण आखूड पडतो. आखूड चेंडू म्हणजे समोरच्या मुलीला आमंत्रण. ती पुढे येते, तिला सगळं कोर्ट मोकळं दिसतं. आपण चूक केली नाही म्हणून समाधानी, आणि पॉइंट तिचा.

"मग जोरात मारायचं?" बहिणीने विचारलं.

"जोरात नाही, लवकर," सर म्हणाले. ते मला फार आवडलं. एक पाऊल आत यायचं आणि चेंडू टप्पा पडून वर येत असतानाच घ्यायचा, म्हणजे समोरचीला सावरायला वेळच उरत नाही. रेषेवर नेम धरायचा नाही, रेषेच्या आत हातभर जागा सोडून मारायचं. तिरका मारायचा, कारण जाळी मध्ये ९१ सेंटिमीटर असते आणि खांबांपाशी १०७, शिवाय तिरकं कोर्ट लांबीलाही जास्त मिळतं. इतकी वर्षं टेनिस बघते, पण जाळी मध्ये वीतभर खाली असते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं! आणि प्रत्येक चेंडूवर तुटून पडायचं नाही. दोनच चेंडू निवडायचे, समोरचीची दुसरी सर्व्हिस आणि आखूड पडलेला चेंडू. ते आले की विचार नाही. बाकीचे खोलवर टाकत राहायचं, जे हिला येतंच.

त्यांनी सरावाची पद्धत बदलली. प्रत्येक गेम ०-० ऐवजी ३०-४० पासून सुरू. सर्व्हिस एकच, दुसरी संधी नाही. आणि हिशेब उलटा. आखूड चेंडूवर हिने मारला आणि बाहेर गेला तर समोरचीला एक पॉइंट. पण मारायच्या चेंडूवर हळूच ढकलला, तर दोन. पहिल्या आठवड्यात पोर रोज रडत घरी यायची. पूर्वी पन्नासातले पंचेचाळीस आत जायचे, आता पंचवीस. सर म्हणाले, होणारच, तीन-चार महिने हरू द्या.

अजून एक गोष्ट होती, आम्हाला माहीतच नव्हती. मुलांच्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांना खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याने-त्याने सांगायचं. शंका असेल तर तो समोरच्याच्या बाजूने धरायचा, हा नियम आणि तो चांगलाच आहे. पण आमची बाई स्पष्ट बाहेर गेलेला चेंडूही सोडून द्यायची. का? तर भांडण नको. सरांनी तिला आठवडाभर फक्त बोट वर करून "आऊट" म्हणायला लावलं. मोठ्याने. पहिल्या दिवशी तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. मी त्या तारेच्या जाळीबाहेर उभी होते आणि मनात आलं, आपल्यापैकी किती जणींना हे "आऊट" म्हणता येतं? बघून, खात्रीने, भांडण न करता, पण ऐकू जाईल असं.

घरात तोवर वेगळीच मॅच सुरू झाली होती. मेहुणे मुळात या खेळाच्या विरोधात नाहीत. पण नववी चालू, पुढच्या वर्षी दहावी, रॅकेट महाग, गटिंग तुटलं की पुन्हा खर्च, प्रवास, लॉजचं भाडं. "जिंकत होती तेव्हा ठीक होतं. आता तर पहिल्या फेरीतच हरून येते. दहावीपर्यंत बंद करू, मग बघू." त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, महिन्याचा हिशेब त्यांनाच जुळवायचा असतो. पण "मग बघू" म्हणून बंद केलेलं मुलीचं काही पुन्हा सुरू झालेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. माझी पेटी माळ्यावर आहे. बहिणीच्या कथ्थकचे घुंगरू कुठे आहेत, तिलाही सांगता यायचं नाही.

मी मेहुण्यांना आपल्या श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेचं उदाहरण दिलं. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं, तेही पहिला सेट २-६ गमावून. मेहुणे म्हणाले, "ताई, ती एक. बाकीच्या हजार कुठे गेल्या?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. आमची भाची काही आशियाई स्पर्धेत जाणार नाही कदाचित. जिल्ह्याच्या पुढेही जाणार नाही कदाचित. मला ती तिथे जायला नको होती. तिने "मी चुकले नाही ना?" हे विचारणं थांबवलेलं मला हवं होतं.

शेवटी असं ठरलं की फेब्रुवारीतली एक स्पर्धा खेळायची आणि मग निर्णय. दुसऱ्या फेरीत गाठ कोणाशी पडावी? तीच, दिवाळीतली. मेहुण्यांनी रजा टाकली होती. पहिल्यांदाच मॅच बघायला आले होते, आणि आम्हा दोघींपेक्षा जास्त घाबरले होते. एक-एक सेट झाला. तिसऱ्यात ४-५, समोरचीला मॅच पॉइंट. सर्व्हिस तिचीच. पहिली जाळीत. दुसरी आली, हळू, आखूड. मी बहिणीचा हात धरला. भाची एक पाऊल आत गेली आणि तिने मारला. तिरका, खोल, सुसाट. समोरची हललीसुद्धा नाही.

चेंडू बाहेर. दोन बोटं असेल.

समोरच्या मुलीने बोट वर केलं. आमचीने जाऊन खूण पाहिली, मान हलवली, जाळीपाशी येऊन हात मिळवला आणि पाणी प्यायला गेली. रडली नाही. आमच्याकडे आली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "आणखी थोडा तिरका मारायला हवा होता. भूक लागलीये."

परतीच्या एसटीत बहिणीने वही काढली. मी म्हटलं, झालं, आता सुरू! पण तिने पान माझ्यापुढे धरलं. पानाच्या मध्ये पट्टीने रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे चुका, एकोणतीस. उजवीकडे "मारलेले", बावीस. शेवटचा चेंडू कुठे लिहायचा हे तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो तिने दोन्हीकडे लिहिला होता.

मेहुणे पुढच्या सीटवर बसले होते. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. टेंभुर्णी गेल्यावर मागे वळून लेकीला म्हणाले, "ते गटिंग... ते किती दिवस टिकतं गं साधारण?"